पोस्ट वाचवण्याचा मूळ कायदा

१ मार्च २०११, सकाळी १०.२०
आपलं पोस्ट बंद होणार. भिंतीवर नोटीस लागली. गावात माणसं एकशे सोळा, त्यात कायदा वाचेल असा कोण? मीच. सदतीस वर्षं शाळेत केमिस्ट्री शिकवली आहे. पोस्ट सांभाळणारी ट्विला म्हणाली, मास्तर, नोटिशीची खालची ओळ वाचा आणि टपाल आयोगाला अपिलाचं एक पत्र टाका, पुरे झालं. मी म्हटलं, नोटीस म्हणजे दुसऱ्या कुणीतरी सांगितलेला कायदा. मला मूळ कायदा हवा.
मी तिथे रोज फक्त स्टॅम्पसाठी जातो, हे इथे नमूद करतो.

३ मार्च
सत्तर मैल गाडी हाकत लिंकन शहरातल्या लायब्ररीत. आर्डिथ नावाच्या लायब्ररियन बाईंनी एक सोपं मार्गदर्शक पुस्तक पुढे केलं. परत केलं. दुय्यम साधन!
संकल्प: फेडरल कायदा, त्याखालचे नियम, फेडरल रजिस्टर म्हणजे सरकारी राजपत्र. तिन्ही मुळातून वाचायचे.

९ मार्च
सापडलं! निर्णय जाहीर झाल्यापासून साठ दिवस पोस्टाला कुलूप लावता येत नाही. साठ! पान तिथेच संपलं. आनंदाने पुस्तक मिटलं. म्हणजे ३० एप्रिलपर्यंत वेळच वेळ.
येताना बेकरीतून दोन कोलाचे, म्हणजे चेरी भरलेले गोड पाव घेतले, एक ट्विलासाठी. पोचेपर्यंत पोस्ट बंद. दोन्ही मीच खाल्ले.

१७ मार्च
कायदा आला कुठून, तेही बघायला हवं. १९७६ची दुरुस्ती सापडली. आता १९७०चा मजकूर. घाई करणारे हरतात.

३० मार्च
ट्विलाने विचारलं, पत्र गेलं का हो? म्हटलं, गेल्यातच जमा. ती हसली. बरं वाटलं.
पोस्टातल्या माझ्या पेटी क्रमांक एकेचाळीसमध्ये बियाण्यांचा कॅटलॉग. मला बाग नाही. पण काही मागवलं नाही तर पेटी रिकामी, आणि रिकाम्या पेटीसमोर माणूस बोलत किती वेळ उभा राहणार?

११ एप्रिल
आर्डिथबाई म्हणाल्या, त्या कलमाचं पुढचं पान पाहिलंत ना? मी म्हटलं, बाई, मी मागची चाळीस वर्षं बघतोय, पुढचं पान कुठे पळून जातंय?

२५ एप्रिल
अपील तयार. दोनशे बारा पानं. ट्विलाने वजन केलं, मग चष्मा वर करून भिंतीकडे बघत राहिली. म्हणाली, मास्तर, अपिलाला तीसच दिवस होते, एकतीस मार्चला संपले. मी म्हटलं, साठ. ती म्हणाली, अहो, साठ दिवसांनी कुलूप, अपील तिसाच्या आत. खालच्या ओळीत लिहिलंय.
ओळ आज पहिल्यांदा वाचली. ठळक अक्षरांत आहे.
विचारलं, दुसऱ्या कुणीच पत्र टाकलं नाही? म्हणाली, कोण टाकणार? सगळे म्हणाले, मास्तर बघतायत.
तरी पाठवच म्हटलं. तिने शिक्का मारला.

३० एप्रिल, दुपारी १२.१०
पेटीची किल्ली परत केली. ट्विलाची बदली झाली, दोनशे मैल पश्चिमेला. ड्रॉवर रिकामा करताना तिने एक लिफाफा माझ्या हातात ठेवला. वर तिच्या अक्षरात आयोगाचा पत्ता, स्टॅम्पसुद्धा लावलेला. एक मार्चपासून माझ्या पत्रासाठी ठेवला होता. म्हणाली, माझ्याच नोकरीचा प्रश्न, म्हणून द्यायला संकोच वाटला. आणि तुम्ही तर म्हणालात, गेल्यातच जमा.
मी लिफाफा खिशात ठेवला. कोलाचेची गोष्ट सांगायची होती, ती राहून गेली.
आता टपाल घरासमोरच्या पेटीत येणार. ते आणणारा गाडीवाला काचसुद्धा खाली करत नाही म्हणतात.
फार एकटं वाटतंय. पण उद्या रविवार आहे. रविवारी पोस्ट तसंही बंदच असतं. सोमवारचं सोमवारी बघू.