तलवार टाकून घरी निघालेला सामुराई

कोरेगाव, रविवार, संध्याकाळ

नुसती चिडचिड होतेय. धाकटा भाऊ संदीप उद्या सुट्टी संपवून पलटणीत परत चाललाय, म्हणून दुपारी दोघं आमची आवडती जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, बघत बसलो होतो. जुनी राजवट कोसळतेय, सामुराई योद्धे आपसांतच लढतायत, आणि एक तरुण सामुराई तलवार चिखलात टाकून घराकडं चालायला लागतो. मी पटकन बोलून गेले, "भित्रा कुठला!"

संदीपनं चित्र तिथंच थांबवलं. "भित्रा न्हाई त्यो, तायडे. दमलाय."

त्याचा आवाज असा थकलेला का आला? तेवढ्यात स्वयंपाकघरातनं आईनं विचारलं, "लाडू किती बांधू रं?" हा लगेच हसून म्हणाला, "बांध की भरपूर." घरात सगळ्यांना त्याची वर्दीच दिसते. मला तरी आजवर दुसरं काय दिसलं? पडद्यावर ती चिखलातली तलवार तशीच थांबलेली.

शेवटी हळूच विचारलं, "तुला जायाचं न्हाई व्हय?"

"जायाचं तर हायच. पण कुणीतरी इचारायला पायजे हुतं." मग दाराकडं बघून म्हणाला, "घरात कुणाला बोलू नगंस."

मी शब्द दिला. कशाला दिला?

आत्ता बाहेर ओट्यावर बाबा शेजारच्या काकांना सांगतायत, "आमचा संदीप लय खूश हाय तिकडं." मी आतनं ऐकतेय. उठून बाहेर जावं आणि ओरडावं असं वाटतंय, आणि उठता येत नाही.