चपला ओळीत लागल्या त्या दिवशी

आत्या,

दारात चपलांचे सहा जोड आहेत, चार तुझे आणि दोन माझे. सगळे भिंतीला टाचा लावून एका रेषेत. आपल्या घरात हे आपोआप होणं अशक्य आहे. कुलूप शाबूत आहे आणि काही गेलेलं नाही. कोणीतरी येऊन गेलं, एवढंच येणाऱ्याला आपल्याला कळवायचं होतं. तुझा फोन चोरून ऐकल्याबद्दल तू गुप्तचर खात्यावर दावा लावल्यापासून ही तिसरी वेळ. ते त्यांचंच काम आहे, हे मात्र मला सिद्ध करता येत नाही.

तुझी दाव्याची फाईल माझ्या सॅकमध्येच होती. दोनशे चौदा पानं, मोजली. ती वकीलबाईंकडे ठेवून सातपर्यंत येते. फोटो काढलेत, तरी त्या ओळीला हात लावू नकोस. पायातल्या मात्र नेहमीसारख्या भिरकाव. चहा थर्मासमध्ये आहे.

काल म्हणालीस, "पोरी, तू घाबरलीस तर उद्याच दावा मागे घेते." म्हणून नाडी मोजली. चपला पाहिल्यावर मिनिटाला एकशे बारा. आत्ता, चहा पिऊन हे लिहिताना, बहात्तर.