खोक्यावर ४.२, स्क्रीनवर ०.७८

सोम. ३ फेब्रु.
वळ गावच्या गोडाऊनमध्ये मॅनेजर मॅडमनी बोलावलं. नव्या शेडमध्ये रॅक कसे बसतील त्याचं ड्रॉइंग कर म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारपर्यंत. जमलं तर पॅकिंग सुटेल, प्लॅनिंगचं टेबल मिळेल. सहा वर्षं उभ्याने टेप मारतेय. घरी आल्या आल्या बसले. एक रॅक फिरवायला लॅपटॉपने मिनिट घेतलं.

बुध. ५
खोक्यावर वेग ४.२ गिगाहर्ट्झ ‘पर्यंत’. स्क्रीनवर ०.७८. दादाला फोन केला, लॅपटॉप त्यानेच निवडलेला. नको ते बोलले. तुला कुणीतरी गंडवलं, नाहीतर तू मला. तो फक्त “बरं” म्हणाला. फोन ठेवला.

शुक्र. ७
नेटवर वाचत बसले. ४.२ हा वेग थोडाच वेळ, तोही मशीन थंड असेल तर. तापलं की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. बाबांना सांगितलं. आयुष्य कापडाच्या लूमवर गेलं त्यांचं. म्हणाले, “म्हंजे बिघडली न्हाय. जळू नये म्हनून धीमी होते. शानी हाय.” मग विचारलं, हवा कुठून घेते ती?

रवि. ९
बाबांनी मागचं झाकण उघडलं. पंख्यापुढे सुताची रुई थापून बसलेली, चिमट्याने काढली तर कापडाच्या पट्टीसारखी अख्खी निघाली. आमची भिंत लूमच्या शेडला लागून, दुसरं काय होणार. ब्रशने साफ केलं. आता तापत नाही. पण वेग ०.८ च. बाबा झोपायला गेल्यावर मी रडले.

मंगळ. ११
रोजच्यासारखा लॅपटॉप गोडाऊनला नेला. जेवणाच्या सुट्टीत ड्रॉइंग उघडलं तर वेग ३.१! तिथे रोज त्यावर नुसती हजेरी भरते, वेग कधी बघितलाच नव्हता. घरी आले, परत ०.८. दोन्ही चार्जर उलटे करून वाचले. तिथला ६५ वॅटचा, घरचा ४५. मूळचा चार्जर ने-आण नको म्हणून मीच गोडाऊनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला. घरी दादाचा जुना वापरते. वीज कमी पडते, म्हणून वेग दाबलेला. तसा मेसेज घरी रोज स्क्रीनवर यायचा, न वाचता बंद करायचे.
दादाची काही चूक नव्हती.

बुध. १२
मूळचा चार्जर घरी आणला. २.९, ३.२, मध्येच ३.८. ४.२ नाही दिसला, नसू दे.
दादाने फोन उचलला नाही. सगळं लिहून पाठवलं, माझंच चुकलं, माफ कर. तासाभराने उत्तर: “ड्रॉइंग झालं?” नाही म्हटलं. “मग आधी ते कर.”
राग गेला का, कळेना. पण ड्रॉइंगचं विचारलं तरी त्याने.

शुक्र. १४
ड्रॉइंग दिलं. मॅडमनी विचारलं, फोर्कलिफ्ट कोपऱ्यात वळणार कशी? तिथल्या तिथे रॅक फिरवून दाखवला. लॅपटॉप अडला नाही. सोमवारी मालकांना दाखवते म्हणाल्या, बाकी काही नाही. चेहऱ्यावरून अंदाज आला नाही.
दादा रविवारी जेवायला येतोय. बाबांना तसं सांगितलंय त्याने, मला नाही.
दुपारी पॅकिंगलाच उभी होते. टेप मारताना डोक्यात तोच कोपरा. चौथी रांग फूटभर मागे घेतली तर फोर्कलिफ्ट सरळच निघेल.