टेबलावरची शिवण

प्रिय आई,

"टेबल कशाला कापायचं? मी असते तर भिंत पाडली असती." हे तू म्हणालीस तेव्हा मी आठेक वर्षांची असेन. वाचनालयाचा हॉल, पडद्यावर परदेशी सिनेमा, खाली सतरंजी, तुझ्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी, आणि बाबा मागे दाराशी उभे. तू काही हळू बोलली नव्हतीस. पुढे बसलेले कंपाउंडरकाका मागे वळून म्हणाले, "वहिनी, त्यांना ऐकू जायचं नाही, ते इटलीत आहेत," आणि सगळा हॉल हसला. तू हसली नाहीस. शिकाऊ मुलीनं चांगल्या कापडाला भलतीकडून कात्री लावली की तू जशी बघतेस, तशी पडद्याकडे बघत राहिलीस.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला कुठवर पोचू देतेस? विषय अवघड झाला की तुझी इस्त्री तापते. म्हणून पत्र. शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडेल अशा बेतानं पाठवतेय. कागदावर धूळ दिसली तर झटकून टाक, तिचं कारण पुढे येईल.

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. इमारत रिकामी करायची आहे आणि तू त्याच्या शेजारची तळमजल्यावरची खोली घेणार आहेस, हे मला ठाऊक होतं. गुडघ्यांच्या दृष्टीनं ते बरंच आहे, असं मीही म्हटलं होतं. पण मग तो म्हणाला, "खोलीत टेबल मावत नाही. आईनंच सुताराला सांगितलंय. या नाही, पुढच्या रविवारी येऊन मधोमध कापणार." गॅसचा नंबर लावल्याची बातमी द्यावी तसं सांगितलं त्यानं. त्याच्यावर रागावू नकोस, तो तुझंच ऐकतोय. अर्धं टेबल पुरे झालं, शिवणही आता आवरतीच घेते, असं तू म्हणालीस म्हणे. मी ओट्यापाशी उभी होते, ती तिथल्या तिथे स्टुलावर बसले. तू आजारी आहेस असं त्यानं सांगितलं असतं तर मी बॅग भरली असती. पण तू काम आवरतं घेतेयस, हे ऐकल्यावर काय भरायचं ते सुचेना.

त्या संध्याकाळी मी तो सिनेमा शोधायला बसले. नाव आठवत नव्हतं. तुझ्या नातीनं विचारलं, "गोष्ट तरी सांग." मी म्हटलं, एक गवंडी, त्याची बायको, त्यांची लहान मुलगी, आणि एक टेबल. घर सोडावं लागतं, आणि ते तिघं दिवसभर ते टेबल उचलून शहरभर खोली शोधत फिरतात. तिनं दोन मिनिटांत काढून दिला. आम्ही दोघींनी तो शेवटपर्यंत पाहिला. एरवी काळा-पांढरा सिनेमा लावला की ती उठून जाते.

आई, किती चांगला सिनेमा आहे तो. तेव्हा मला फक्त टेबल दिसलं होतं, आता माणसं दिसली. कुणी नट वाटतच नाही. त्या बायकोच्या बोटांना भेगा आहेत, त्या काही कुणी रंगवलेल्या नाहीत. टेबल चार पायऱ्या चढवायचं झालं की नवरा उगाच तिच्यावर खेकसतो, आणि तीही "तूच धर मग एकट्यानं" असं काहीतरी म्हणते, आणि दोघंही हात काढत नाहीत. दुपारी दमून ते टेबल भर रस्त्यात ठेवतात. बायको पदरानं पुसावं तसं ॲप्रनच्या टोकानं ते पुसते, मुलगी तीन बाजूंना तीन पावाचे तुकडे मांडते, आणि जाणारी-येणारी माणसं मुकाट्यानं वळसा घालून जातात. कुणाच्या जेवणखोलीतून आपण कसं जाणार, असं. तेवढा वेळ तो रस्ता त्यांचं घर असतो. कुणी रडत नाही, कुणी भाषण करत नाही. गरिबी अशी दाखवलीय की कीव येत नाही, त्या माणसांच्या जोडीनं एक पाय आपणही उचलावा असं वाटतं.

आणि मग शेवट. खोली मिळते, टेबल आत जात नाही. नवरा करवत आणतो. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती बाई तोंड फिरवून उभी राहते. नाही. ती टेबलावर अख्खी वाकते, छाती टेकवून ते घट्ट धरते. ते हललं तर काप वाकडा जाईल ना. संगीत थांबतं, नुसता करवतीचा आवाज, आणि कॅमेरा बराच वेळ तिच्या चेहऱ्यावरून हटत नाही. मुलगी खाली बसून पडणारा भुसा फ्रॉकमध्ये धरत राहते. पुढे तिघं त्या अर्ध्या टेबलाशी बसतात, ताटल्या एकमेकींना लागतात, आणि सिनेमा संपतो. तुझी नात म्हणाली, "आजीचं बरोबर होतं."

पण मला वेगळ्याच गोष्टीनं धक्का बसला. माझ्या आठवणीत त्या टेबलाला मधोमध चीर होती. एक सरळ, काळी रेघ. करवत त्या रेघेवरूनच चालते, म्हणून लहानपणी मी मनाची समजूत घातली होती की ते आधीच तडकलेलं होतं, कधीतरी तुटणारच होतं. आता बघते तर चीर नाहीच. चांगली अखंड फळी. मी सिनेमा मागे नेऊन पुन्हा पाहिला. नात म्हणाली, "आई, तू काय शोधतेयस?" आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. वाचनालयाचा पडदा तू शिवला होतास. एवढ्या पन्ह्याचं कापड मिळेना, म्हणून दोन पट्टे जोडले होतेस, आपल्याच टेबलावर, आणि शिवण इस्त्रीनं इतकी दाबली होतीस की हात फिरवला तर लागत नव्हती. पण उजेडात दिसायची. घरांवर, आभाळावर, त्या बाईच्या कपाळावरसुद्धा ती असणार. मी बाकीच्या विसरले, टेबलावरची तेवढी धरून बसले. तुझी शिवण मी त्यांच्या टेबलाची चीर समजले, आई. ते टेबल कापलं जायलाच हवं, असं त्याच्यावर कुठे काही नव्हतं.

आपल्या टेबलावरही नाही. मी ते डोळे मिटून ओळखते. कारखान्याचं पॅकिंग खातं बंद झालं तेव्हा बाबांनी ते आणलं. जिन्याच्या वळणावर अडलं, म्हणून दोर बांधून गॅलरीतून वर घेतलं, आणि खालून सगळी इमारत "जरा डावीकडे" म्हणून ओरडत होती. दिवसा त्यावर तुझं बेतणं, संध्याकाळी आमचा अभ्यास, आणि खाली तुकड्यांच्या ढिगात माझी झोप. त्यावरूनच तर माझं नाव पडलं.

आता बाबांबद्दल एक सांगते. तुला ठाऊक असेल तर ठाऊक आहे असं म्हण, मला बरंच वाटेल. त्या दिवशी तू ते वाक्य बोललीस आणि बाबा हॉलमधून बाहेर गेले. बिडीला गेले असतील, असं आपण धरून चाललो. ते सुताराकडे गेले होते. तेव्हा माझ्या आजीचं कंबरेचं हाड मोडलं होतं, तिला खाट हवी होती, आणि टेबल अर्धं केल्याशिवाय खाट बसत नव्हती. तुला न सांगता त्यांनी सुतार ठरवला होता. तो त्यांनी त्या संध्याकाळी नको म्हणून सांगितला. शेवटच्या आजारात, दवाखान्यात, त्यांनी मला हे सांगितलं. म्हणाले, "तुझ्या आईनं खरंच भिंत पाडली असती गं, आणि भिंत मालकाची होती." मग खाट आली ती बाबांच्या अंथरुणाच्या जागी, आणि बाबा गॅलरीत गेले ते आजी गेल्यावरही तिथेच झोपत राहिले. "खोलीत गुदमरतं मला," असं म्हणायचे. पावसाळ्यातसुद्धा. आणि तू दरवर्षी त्यांच्या गादीला नवी खोळ शिवायचीस, खालून ताडपत्रीचं अस्तर लावून. एवढं अस्तर लावायची गरज काय, असं मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, "दोरा दे."

म्हणून आता माझं ऐक. मागच्या गुरुवारी मी आमच्या स्वयंपाकघराची आणि मागच्या अडगळीच्या खोलीची मधली भिंत पाडली. गवंडी बोलावला, त्यानं ठोकून बघितली आणि म्हणाला, "ही नुसती लाजेपुरती उभी आहे ताई, हिच्यावर काही नाही." तेव्हापासून तुझे जावई वाटीतली धूळ फुंकून जेवतायत. "तुझी आई यायची नाही, आणि आपण आयुष्यभर मैदानात जेवणार," असं म्हणतात, पण मापं घेताना टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. टेबल सगळंच्या सगळं मावतं, भोवती फिरायला जागा उरते, खिडकी डाव्या हाताला येते, तुला लागते तशी. मशीनसाठी विजेचं बटण बसवून घेतलंय. सामान हलवणाऱ्यांना सांगून ठेवलंय, ते टेबल गॅलरीतूनच दोरानं खाली घेतील. कुणाच्या घरी दोन रात्रींवर राहायचं नाही, हा तुझा नियम मला पाठ आहे. पण हे कुणाचं घर नाही, तुझी काम करायची जागा आहे, तिच्या एका कोपऱ्यात आम्ही राहतो असं समज. रविवारी सुतार आला तर त्याला चहा दे आणि परत पाठव. तू आणलेलं कापडसुद्धा कधी त्याच दिवशी कापलं नाहीस, रात्रभर टेबलावर पडू दिलंस. आणि टेबल घेऊन माझ्याकडे ये. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. ते फोनवर म्हणू नकोस, दादाकडून निरोप धाडू नकोस. नाहीच म्हणायचं असेल तर इथे ये, आणि जिथे भिंत होती तिथे उभी राहून म्हण.

तुझीच,
चिंधी