एक्केचाळीस घरं

११ नोव्हेंबर, तेतुलछडी
बाजारात इथल्यांची आणि बाहेरून येऊन वसलेल्यांची मारामारी झाली. दुकानं दुपारीच बंद. निरूपादीने मला बाहेर पडू दिलं नाही. तीन महिने तिच्याकडेच राहतेय — बांगलादेशातल्या या डोंगरातले चाकमा बौद्ध, हा माझा प्रबंधाचा विषय. चहूकडे दुसऱ्या धर्माचे, दुसऱ्या भाषेचे लोक. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "तूही बौद्ध? कधीपासून?" म्हटलं, आजोबांपासून, छप्पन सालापासून. हसली. "आमचं तर कुणाला ठाऊकच नाही कधीपासून."

वहीतला गावाचा नकाशा आज पुरा झाला. एक्केचाळीस घरं. कर्त्याचं नाव, जमीन कुठवर, त्यातली कुणी बळकावली. सगळी खरी नावं. गाइड सरांनी बदलायला सांगितली होती. आळस केला.

१३ नोव्हेंबर
बाजारातलं लोण गावापर्यंत येणार म्हणतात. पहाटेच निरूपादीने मला जीपमध्ये कोंबलं. "तू पाहुणी. तू जा."

चौकीवर बॅग उपसली. वही ओढणीने पोटाशी बांधलेली. शिपायाने विचारलं, कुणाकुणाला भेटलीस? म्हटलं, विहार बघायला आले होते, मी बौद्ध आहे. खरं तेच बोलले, तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

१६ नोव्हेंबर, सांगली
घरी. दाराशी बुलेट थांबली तरी दचकते. निरूपादीचा फोन लागत नाही.

१८ नोव्हेंबर
ढाक्याच्या मैत्रिणीचा मेसेज. मला त्या गावात पहिल्यांदा ज्यांनी नेलं, त्या मास्तरांना चौकीवाल्यांनी उचललंय. 'तुझ्या वहीबद्दल विचारतायत. फोन, मेल, कागद — नावं कुठेच ठेवू नकोस.'

अण्णा अडतीवरून आले. बापापासून काय लपवायचं, मेसेज वाचून दाखवला. हळदीने पिवळ्या झालेल्या हातांनीच वही चाळत बसले. एकेक नाव बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, "कागदावर नाव असलं की माणूस घावतं, पोरी. त्या लोकांस्नी तिथं कोण वाली हाय? जाळून टाक."

"अण्णा, तीन महिन्यांचं काम आहे."

"तुजं काम हाय. त्यांचा जीव हाय."

बंबात एकेक पान घातलं. फोनमधले फोटोही पुसले. अण्णा शेजारी उभे होते, शेवटचं पान जळेपर्यंत.

१९ नोव्हेंबर
आज पोटभर जेवले.

२४ नोव्हेंबर
निरूपादीचा फोन! जिवंत आहे. गाव जळलं. पेट्यांमधले जमिनीचे कागदही. चौकशीला आलेला अधिकारी म्हणतो, इथं वस्ती होती याला पुरावा काय?

"त्याला सांगितलंय, आमच्या मुलीकडे वही आहे. सगळ्यांची नावं आहेत. कधी पाठवतेस?"

उद्या, मी म्हणाले.

कोरी वही घेऊन बसलेय. दुपारपासून सतरा नावं आठवली.