साडूंसाठी दोन शब्द

४ मार्च
भाग्याचा दिवस! सरकारच्या नव्या सुरक्षा धोरणात आमच्या थिंक टँकचा अख्खा चॅप्टर घेतला. त्यातला एक परिच्छेद माझा. शब्द न् शब्द माझा: 'सीमेपलीकडे नातीगोती असलेल्यांना संवेदनशील कामापासून दूर ठेवावे.' देशाची सुरक्षा आता थोडीफार माझ्यावर आहे. तेव्हा उद्यापासून पहाटे उठणे. साखर बंद.

५ मार्च, सकाळी नऊ
उठायला उशीर झाला. चहात साखर होती, बायकोची चूक. तिला परिच्छेद वाचून दाखवला. म्हणाली, मग भाऊजींचं काय?
भाऊजी म्हणजे माझे साडू. आमच्याच संस्थेत अनुवादक. त्यांची आई पलीकडची, म्हणून तर तिकडची वर्तमानपत्रं ते घडाघडा वाचतात आणि त्यावर आमचे पेपर उभे राहतात. मला इथे चिकटवलं तेही त्यांनीच. मी हसलो. म्हटलं, अगं, हे शत्रूसाठी आहे, घरच्यांसाठी नाही. बायकोला स्ट्रॅटेजी कळत नाही.

११ मार्च
सकाळी साडूंचं कार्ड गेटवर चालेना. डबा हातात घेऊन फुटपाथवर उभे होते. मी फोन कानाला लावून आत गेलो. घाईत होतो. मशीन बिघडलं असणार.
दुपारी कळलं, मशीन ठीक आहे. धोरणाची सुरुवात आपल्यापासूनच करायची, असं संचालकांनी ठरवलंय. तत्त्व म्हणून उत्तम. फक्त माणूस चुकला.

१२ मार्च
संचालकांशी बोलणार. दोन मिनिटांचं काम. माझा शब्द ते मोडणार नाहीत. आरशासमोर बोलून पाहिलं, झकास जमलं.
संध्याकाळ. साहेब मूडमध्ये नव्हते.

१४ मार्च
साहेब मूडमध्ये होते. एवढा चांगला मूड कशाला घालवायचा?

२० मार्च
मेहुणी येऊन रडून गेली. साडू दोन घास खाऊन उठतात म्हणे. आई तिच्या भाषेत बोलायला लागली की आधी जाऊन खिडक्या लावतात. म्हातारीला वाटतं, बाहेर थंडी पडलीय. ती शाल मागते.
बायकोने विचारलं, बोललात का? म्हटलं, विषय काढलाय. काढलाच होता, मनात.

२ एप्रिल
प्रमोशन! सीनियर फेलो. साडूंची खोली मला मिळाली. मोठी खिडकी, चांगला उजेड. ड्रॉवरमध्ये त्यांचा चष्मा सापडला. पाठवायला हवा. आता माझ्या शब्दाला जास्त वजन. ते सगळं साडूंच्याच कामी लावणार.
तिकडच्या वर्तमानपत्रांचा ढीग साचलाय. वाचता कुणालाच येत नाही. मी फोटोंवरून अंदाज बांधतो.

१७ एप्रिल
साडूंना घरमालकाने जागा सोडायला सांगितली. त्यानेही धोरण वाचलंय म्हणे. आमचं लिखाण तळागाळात पोचतंय, हे मात्र खरं.
लांबच्या शहरात त्यांना शिकवणीचं काम मिळालंय. सगळेच निघालेत. बायकोने आज माझा डबा भरला नाही. डोकं दुखत असेल.

१९ एप्रिल
स्टेशनवर गेलो. साडू खूप वाळलेत. शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटत होता. मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही साहेबांशी बोललात का हो?
हो म्हटलं. दोनदा बोललो, ऐकतच नाहीत. निघण्याच्या वेळी माणसाला आणखी काय सांगणार?
त्यांचे डोळे भरून आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, कुणीतरी बोललं, एवढं पुरे. आता जाताना मनात काही नाही. बायको ऐकत होती. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बहिणीच्या बॅगा उचलायला गेली.
साडूंनी आईला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. म्हातारी हळूहळू माझ्यापर्यंत आली. माझा चेहरा दोन्ही हातांत घेऊन कितीतरी वेळ बोलत राहिली. काय म्हणतेय ते साडूंना विचारणार होतो, पण ते सामान घेऊन डब्यात चढले होते.
आशीर्वादच असणार.