पक्ष लागायच्या आत

२ सप्टें. २००९, बुधवार
वाटूरला गेल्ते, रेखाच्या सासरी. डोहाळेजेवण. पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं, कालपासून. विहीणबाईला म्हन्लं, आधी दवाखाना, मंग जेवण. तर म्हन्ते, "अवं, शनिवारी पक्ष लागतो. मंग काही करता येत न्हाई, अन् सातवा निघून जाईल." हिरवी साडी नेसवून झोपाळ्यावर बसवलीच. खोकून खोकून गजरा सुटला. भांडले. पण पोरीच्या आईचं कोण ऐकतं.

४ सप्टें.
तिथल्या डॉ.नं सुई दिली, ताप उतरला, परत चढला. जावयाचा फोन. "मामी, धाप लागून राह्यली हिला." म्हन्लं, जीप कर, जल्दी जालन्याला आण.
आयसीयूत घेतलं. डॉ.नं विचारलं, ताप कधीपासून? वि.बाई म्हन्ली, कालपासून. मी म्हन्लं, खोटं. डोहाळेजेवणाच्या आधीपासून हाय, अंगावर काढलाय. वि.बाईनं डोळे वटारले. वटार म्हणा.
डॉ. म्हन्ले, बरं झालं सांगितलं, न्हाईतर पुण्याच्या रिपोर्टची वाट बघितली असती. स्वाइन फ्लू वाटतो. पोटुशी बाई, त्यात उशीर, त्यात फुफ्फुसं भरलेली. अशीच माणसं जातात यात. गोळी लगेच चालू केली.

७ सप्टें.
मशीनवर घेतलं. तोंडात नळी. वि.बाई बाकावर. "नजर लागली हो झोपाळ्यावर." म्हन्लं, नजर न्हाई, उशीर. रडाय लागली. चहा आणून दिला. काय करता.

९ सप्टें.
कपडे घ्यायला घरी आले. शेजारच्या सेठाणीची सून खोकून राह्यली. तिला पाचवा. सेठाणी म्हन्ते, "सर्दी है बाई. श्राद्ध निपटू द्या, मंग दाखवू." डोकंच फिरलं. म्हन्लं, माझ्या पोरीच्या तोंडात नळी घातलीय, बघायला येता का? सुनेचा हात धरला, ऑटोत बसवली. सेठाणी बोंबलत मागं आली अन् स्वतःच आत चढली. "सरको जरा."
तपासलं, गोळी दिली, घरी पाठवलं. वेळेत आली म्हन्ले.
वर आयसीयूत गेले. रेखा तशीच. डॉ. म्हन्ले, बाळाचे ठोके बराबर आहेत. म्हन्लं, अन् माझ्या लेकराचं?
म्हन्ले, आत्ताच काही सांगता येत न्हाई.
मंग मी बी इथून हलत न्हाई.